‘झालंय, की करणार आहात?’ : बोलण्यात काळ ऐकू यावा म्हणून

पत्र थोडक्यात असं : लिहिणाऱ्या वाचक ३४ वर्षांच्या आहेत. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा, आणि आता चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या क्वालिटी विभागात टीम लीडर. दर मंगळवारी जर्मनीतल्या ग्राहकाबरोबर कॉल असतो. मेल आणि ८डी रिपोर्ट (दोषाचं मूळ कारण आणि त्यावरचे उपाय मांडणारा अहवाल) त्या स्वतः लिहितात, त्यात फारशा चुका निघत नाहीत. कॉलवर मात्र त्या बोलल्या की ग्राहक हमखास विचारतो, ‘इज इट डन, ऑर विल यू डू इट?’ मग शेजारी बसलेला, इंग्रजी माध्यमात शिकलेला सहकारी बोलायला लागतो आणि कॉल त्याचा होतो. त्यांना वाटतं, आपलं व्याकरण बरं आहे, उच्चार मराठी वळणाचे आहेत, ‘नैसर्गिक’ वाटत नाहीत, आणि तिथेच सगळं अडतं. एका क्लासने ‘ॲक्सेंट ट्रेनिंग’चे ४५ हजार रुपये सांगितलेत. नवरा म्हणतो, आधी बारा काळ परत पाठ कर. त्या विचारतात : ‘क्लास लावू, की व्याकरणाचं पुस्तक काढू? आणि या वयात जीभ वळेल का?’

नमस्कार,

ग्राहकाच्या त्या प्रश्नापासूनच सुरुवात करू, कारण निदान त्यातच आहे. ‘झालंय, की करणार आहात?’ असं तो विचारतो, म्हणजे कोणत्या पार्टबद्दल आणि कोणत्या कामाबद्दल बोलणं चाललंय हे त्याला कळलेलं असतं. कळलेला नसतो तो फक्त काळ. तुमचे उच्चारच त्याला लागत नसते, तर तो ‘सॉरी?’ म्हणाला असता, पुन्हा सांगा म्हणाला असता. म्हणून ‘व्याकरण बरं, उच्चार वाईट’ ही तुम्ही केलेली वाटणी मला पटत नाही. तुमची अडचण क्रियापदाच्या टोकाशी आहे, आणि त्या टोकाशी व्याकरण आणि उच्चार वेगळे काढताच येत नाहीत. क्लास त्यातलं एक शिकवेल, पुस्तक दुसरं.

मेलमध्ये तुम्ही ‘चेक्ड’ लिहिता तेव्हा शेवटची ई आणि डी ही अक्षरं डोळ्यांना दिसतात, शंका उरत नाही. बोलताना दोनपैकी एक काहीतरी होतं. घाईत शेवट गळतो आणि ‘वी चेक ऑल पार्ट्स’ एवढंच उरतं. ग्राहकाला वाटतं, या रोजची पद्धत सांगताहेत. नाहीतर शेवट सांभाळायच्या नादात ‘चेकेड’ होतं, एक अख्खं अक्षर वाढतं आणि ऐकणारा क्षणभर अडखळतो. याचं कारण साधं आहे. मराठीत शब्दाच्या शेवटी जोडाक्षर आलं की आपण त्याला हलका ‘अ’ जोडतो; ‘व्यक्त’, ‘मस्त’ म्हणून बघा. इंग्रजीत ‘क्ट’वर थांबायचं असतं, मागे काही लावायचं नसतं.

भूतकाळाच्या या ई-डीचे उच्चार तीन आहेत, आणि कोणता कुठे हे स्पेलिंगवरून ठरत नाही, मूळ क्रियापदाच्या शेवटच्या आवाजावरून ठरतं. गळ्यावर बोट ठेवा आणि नुसते क्, प्, स्, श्, फ् म्हणा. घसा थरथरत नाही. अशा आवाजानंतर ‘ट्’ येतो : चेक्ट, पॅक्ट, रिप्लेस्ट, फिक्स्ट, वॉश्ट. घसा थरथरत असेल, म्हणजे शेवटी न्, म्, ल्, व्ह् किंवा कुठलाही स्वर असेल, तर ‘ड्’ : क्लीन्ड, कॉल्ड, मूव्ह्ड, मेझर्ड. आणि मूळ शब्दच ट् किंवा ड्ने संपत असेल तरच पूर्ण अक्षर वाढतं : रिजेक्टिड, इन्स्पेक्टिड, सॉर्टिड, ॲडिड. तुमच्या खात्यातली वीस-पंचवीस क्रियापदं काढून प्रत्येकापुढे ट, ड किंवा इड लिहून ठेवा. सुरुवातीला तेवढी पुरेत.

हा शेवट तोंडात बसवायची एक हमखास युक्ती आहे. क्रियापदाच्या पुढे स्वराने सुरू होणारा शब्द घ्यायचा आणि शेवटचा ट् किंवा ड् त्याच्याकडे ढकलायचा. ‘चेक्ट इट’ हे ‘चेक्-टिट’ असं म्हणा, ‘फिक्स्ट इट’ हे ‘फिक्स्-टिट’, ‘क्लीन्ड ऑल’ हे ‘क्लीन्-डॉल’. आता ट् गळायला जागाच राहत नाही. ‘चेक्ट द पार्ट्स’मध्ये मात्र पुढे व्यंजन आलं की इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही तो ट् जवळजवळ गाळतात. तिथे तुम्ही एकट्या त्या ट्वर भिस्त ठेवू नका. वेळ आधी सांगा : ‘यस्टर्डे वी चेक्ट द पार्ट्स.’ वाक्याच्या पहिल्याच शब्दात काळ ठरला की पुढचं ऐकणं सोपं होतं.

वर्तमानकाळी आणि अनेकवचनी ‘एस’च्या बाबतीत मराठी तुमच्या बाजूने आहे. ‘पार्ट्स’च्या शेवटी जो आवाज आहे तो ‘चाक’मधला च, आणि ‘नीड्स’च्या शेवटी जवळपास ‘जाड’मधला ज. हे आवाज आपल्या तोंडात लहानपणापासून आहेत. फक्त ते शब्दाच्या शेवटी, स्वर न जोडता काढायचे.

नवऱ्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे. व्याकरण हवंच, पण बारा काळांची यादी पहिल्यापासून घोकायची गरज नाही. कामाची स्थिती सांगायला चार रूपं पुरतात. ‘यस्टर्डे वी चेक्ट इट’ : काम झालं, आणि कधी तेही सांगितलं. ‘वी हॅव चेक्ट इट’ : काम झालंय, निकाल आत्ता हातात आहे, कधी झालं हा मुद्दा नाही. ‘वी आर चेकिंग इट’ : चालू आहे. ‘वी विल चेक इट टुमॉरो’ : व्हायचंय. एकच क्रियापद घेऊन ही चारही वाक्यं मोठ्याने म्हणायची, मग दुसरं क्रियापद. इंग्रजी मातृभाषेचे लोक ‘वी हॅव’चं ‘वीव्ह’ आणि ‘वी विल’चं ‘वील’ करतात. ते ओळखायला शिका, पण कॉलवर कामाची स्थिती सांगताना स्वतः मात्र ‘हॅव’ आणि ‘विल’ पूर्ण म्हणा. लाइन खराब असली की आधी हेच छोटे शब्द हरवतात. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’चंही तसंच. होकारात ‘कॅन’वर जोर दिला की परदेशी कानाला तो नकार वाटू शकतो. ‘वी क्न शिप इट’ असा तो हलका घ्या, जोर ‘शिप’वर, आणि नकार द्यायचा असेल तेव्हा सरळ ‘वी कॅनॉट’ म्हणा.

आता तुमच्या काळाच्या चुका नेमक्या कुठे होत असतील, हे तुमचा एकही कॉल न ऐकता बऱ्यापैकी सांगता येतं, कारण त्या चांगल्या मराठीतूनच येतात. ‘परवा’ घ्या. नुसत्या ‘परवा’वरून गेलेला दिवस की येणारा याचा पत्ता लागत नाही, ‘परवा गेलो’ की ‘परवा जाईन’ हे क्रियापदच सांगतं. म्हणजे क्रियापदाच्या टोकाकडे कान ठेवायची सवय मराठी माणसाला आहेच. गडबड होते ती मराठी रूप जसंच्या तसं इंग्रजीत नेताना. ‘मी काल मेल पाठवला होता’ हे आपण सहज म्हणतो आणि त्यावरून ‘आय हॅड सेंट द मेल यस्टर्डे’ होतं. इंग्रजीत ‘हॅड सेंट’ ऐकलं की ऐकणारा दुसऱ्या घटनेची वाट बघत बसतो : कशाच्या आधी पाठवला होता? ती घटना येतच नाही. म्हणून साधं ‘आय सेंट द मेल यस्टर्डे’ म्हणावं. ‘हॅड’ची खरी जागा तुमच्या ८डी रिपोर्टमधल्या घटनाक्रमात आहे : ‘द ऑपरेटर हॅड चेंज्ड द इन्सर्ट बिफोर द शिफ्ट स्टार्टिड.’ भूतकाळातल्या दोन घटना, त्यातल्या आधीच्या घटनेला ‘हॅड’.

तसंच ‘आम्ही काल तपासलंय’ हे मराठीत बिनचूक, पण ‘वी हॅव चेक्ट इट यस्टर्डे’ इंग्रजीत चालत नाही. ‘हॅव’बरोबर संपून गेलेली वेळ येत नाही : काल, गेल्या आठवड्यात, सकाळी दहाला, यातलं काहीही नको. आणि ‘सोमवारपासून तपासतोय’वरून ‘वी आर चेकिंग सिन्स मंडे’ होतं. तिथे ‘वी हॅव बीन चेकिंग सिन्स मंडे’ हवं. सुरुवात कधी ते सांगायचं तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर थ्री डेज’. ‘डिड नॉट’च्या पुढे मूळ क्रियापदच घ्या, ‘डिड’ने भूतकाळ एकदा सांगितला, तो परत सांगायचा नाही. ‘मला समजतंय’साठी ‘आय अंडरस्टँड’ पुरतं, ‘अंडरस्टँडिंग’ नको. लिहिताना या चुका तुम्ही स्वतःच दुरुस्त करत असणार, कारण तिथे वेळ मिळतो. म्हणून पुस्तक वाचून फारसा फरक पडणार नाही. त्या तोंडाने सुधाराव्या लागतील.

क्रियाविशेषणांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ‘झालं की व्हायचंय’ हा घोळ निम्मा तिथून येतो. एकटा ‘अजून’ बघा. ‘रिपोर्ट अजून आला नाही’ म्हणजे ‘द रिपोर्ट हॅज नॉट कम येट’. ‘येट’ नकारात आणि प्रश्नात, सहसा वाक्याच्या शेवटी. ‘तपासणी अजून चालू आहे’ म्हणजे ‘द इन्स्पेक्शन इज स्टिल गोइंग ऑन’. ‘अजून पाच नमुने हवेत’ म्हणजे ‘वी नीड फाइव्ह मोअर सॅम्पल्स’. मराठीत एक शब्द, इंग्रजीत तीन, आणि प्रत्येकाची जागा वेगळी. ‘ऑलरेडी’ जपून वापरा. ‘वी हॅव ऑलरेडी शिप्ट इट’ ठीक आहे. पण त्याच शब्दावर जोर पडला तर ‘आधीच सांगितलंय ना!’ असा सूर लागतो, आणि तो ग्राहकाला बोचतो.

‘पर्यंत’ने तर प्रत्यक्ष घोटाळे होतात. ‘शुक्रवारपर्यंत पाठवतो’साठी ‘वी विल सेंड इट टिल फ्रायडे’ म्हटलं, तर शुक्रवार येईस्तोवर पाठवतच राहणार असा अर्थ होतो. मुदत सांगायची तर ‘बाय फ्रायडे’. ‘टिल’ फक्त सतत चालणाऱ्या गोष्टीला : ‘द लाइन विल बी क्लोज्ड टिल फ्रायडे.’ डिलिव्हरीच्या तारखा बोलणाऱ्या प्रत्येकाने हा एक फरक तरी पक्का करावा.

मग आपला ‘च’. ‘शुक्रवारीच पाठवतो’ म्हणताना आपण ‘ऑन फ्रायडे ओन्ली’ म्हणून जातो. भारतात कुणाला खटकत नाही. जर्मनीत बसलेला माणूस ‘ओन्ली’चा अर्थ ‘फक्त’ घेतो : फक्त शुक्रवारी, दुसऱ्या कुठल्याही दिवशी नाही. इंग्रजीत आपल्या ‘च’चं काम बहुतेक वेळा आवाज करतो. ‘वी विल सेंड इट ऑन फ्रायडे’ म्हणताना ‘फ्राय’ हे अक्षर थोडं लांबवा आणि वर न्या, ‘च’ आपोआप पोचतो.

आणखी एक. मराठीत विशेषणच क्रियाविशेषणाचं काम करतं : तो चांगला गातो, ती चांगली गाते. म्हणून ‘द न्यू फिक्श्चर इज वर्किंग गुड’ तोंडात येतं. तिथे ‘वर्किंग वेल’ हवं. उलट, सगळीकडे ‘ली’ लावायला गेलं तर फसतं. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्ट करतो, ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे जवळजवळ करतच नाही. ‘लेट’ उशिरा, ‘लेटली’ अलीकडे. ‘फास्ट’ला ‘ली’ लागतच नाही. जागेचा नियम थोडक्यात : क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नका. ‘वी चेक्ट द पार्ट्स केअरफुली’, ‘वी चेक्ट केअरफुली द पार्ट्स’ नाही. ‘ऑलवेज’, ‘युज्वली’, ‘नेव्हर’ मुख्य क्रियापदाच्या आधी, पण ‘इज’, ‘आर’ असेल तर त्यांच्यानंतर : ‘वी ऑलवेज चेक’, ‘वी आर ऑलवेज रेडी’. उच्चारात ‘ली’ नेहमी हलकी. स्पेलिंगमध्ये ‘ॲली’ दिसत असली तरी ‘बेसिक्ली’, ‘स्पसिफिक्ली’ असंच म्हणायचं.

आता उच्चार. इथे तुमच्या एका गृहीताकडे थांबून बघायला हवं. ‘नैसर्गिक’ म्हणजे कुणासारखं? तुमचं बोलणं ऐकणारा माणूस जर्मन आहे. इंग्रजी त्यालाही शिकावंच लागलेलं आहे, आणि त्याच्या बोलण्यातही जर्मन वळण असणारच. त्याच्यासाठी तुम्ही न्यूयॉर्क किंवा लंडनचा सूर उसना आणलात, तर कळण्यात काडीची भर पडणार नाही. मराठी वळण राहू दे. बदलायच्या त्या फक्त अशा जागा, जिथे एका शब्दाचा दुसरा शब्द ऐकू येतो. त्या मोजक्याच आहेत.

सगळ्यात जास्त लक्ष आघाताकडे द्या. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो, ते लांबतं, आणि बाकीची अक्षरं आखडून ‘अ’कडे झुकतात. आघात चुकला तर ओळखीचा शब्दही परका वाटतो. तुमच्या रोजच्या शब्दांत ‘कम्पोनंट’चा आघात ‘पो’वर, ‘सप्लायर’चा ‘प्लाय’वर, ‘टॉलरन्स’चा ‘टॉ’वर, ‘अनॅलिसिस’चा ‘नॅ’वर. ‘शन’ने किंवा ‘इक’ने संपणाऱ्या शब्दांना एक भरवशाचा नियम आहे, अपवाद थोडेच : आघात त्या शेवटाच्या लगेच आधीच्या अक्षरावर. इन्स्पेक्शनमध्ये ‘स्पेक’, कॅलिब्रेशनमध्ये ‘ब्रे’, डीव्हिएशनमध्ये ‘ए’, इलेक्ट्रॉनिकमध्ये ‘ट्रॉ’. काही शब्दांत तर आघातावरून नाम की क्रियापद ते ठरतं. नाम असेल तर ‘रेकॉर्ड’चा ‘रे’ जड, क्रियापद असेल तर ‘रिकॉर्ड’चा ‘कॉर्ड’ जड. ‘रिजेक्ट’ही तसाच : बाजूला काढलेला पार्ट ‘रीजेक्ट’, तो काढण्याची क्रिया ‘रिजेक्ट’.

दुसरी जागा ‘ए’ची, आणि ती देवनागरीत लिहून कधीच कळत नाही. तुम्ही वहीत इंग्रजी उच्चार देवनागरीत लिहिता असं पत्रात म्हटलंय. ‘ॲ’ आणि ‘ऑ’साठी ते छान चालतं. पण ‘टेस्ट’ म्हणजे चाचणी आणि ‘टेस्ट’ म्हणजे चव, ‘वेट’ म्हणजे ओलं आणि ‘वेट’ म्हणजे वजन, ‘एज’ म्हणजे कड आणि ‘एज’ म्हणजे वय, हे कागदावर सारखे दिसतात. चाचणी, ओलं आणि कड यांचा ‘ए’ आखूड, तोंड जरा जास्त उघडं. चव, वजन आणि वय यांचा ‘ए’ लांब, शेवटी ‘इ’कडे घसरणारा : टेइस्ट, वेइट, एइज. वहीत या दुसऱ्या गटात ती छोटी ‘इ’ लिहायला लागा आणि आघाताच्या अक्षराखाली रेघ ओढा. ‘फिल’ आणि ‘फील’, ‘लिक’ आणि ‘लीक’ लिहिताना आपण ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, पण बोलताना मराठीत तो फरक जवळजवळ उरलेला नाही. तोही इंग्रजीसाठी परत आणावा लागतो.

बाकीच्यांवरून भरभर जाऊ. शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क आपण हवा न सोडता म्हणतो, त्यामुळे ‘पिन’चा ‘बिन’ आणि ‘कोट’चा ‘गोट’ ऐकू येऊ शकतो. जर्मन भाषेतही हे आवाज हवेसकट असतात, म्हणून तुमच्या ग्राहकाचा कान ती हवा शोधतो. ओठांसमोर पातळ कागदाची पट्टी धरा. ‘पिन’ म्हणताना ती हलली पाहिजे, ‘स्पिन’ म्हणताना नाही. ‘व्हॉल्व्ह’, ‘व्हेंडर’चा आवाज वरचे दात खालच्या ओठाला टेकवून, ‘वॉशर’, ‘वेल्डिंग’चा आवाज ओठांचा चंबू करून, दात न लावता. ‘व्ह’ लिहितो म्हणून त्यात ‘ह’ घालायचा नाही. आणि आकडे : ‘फिफ्टीन’चा आघात ‘टीन’वर, ‘फिफ्टी’चा ‘फिफ’वर. तरी मालाची संख्या सांगताना ‘फिफ्टीन, वन फाइव्ह’ असं दोनदाच सांगा. दशांशानंतरचे अंक सुटे म्हणा : १२.४५ म्हणजे ‘ट्वेल्व्ह पॉइंट फोर फाइव्ह’. लाख हा शब्द तिकडे कळत नाही, ‘हंड्रेड थाउजंड’ म्हणा.

जीभ वळेल का? हे जे सांगितलं ते जिभेपेक्षा कानाचं आणि सवयीचं काम आहे, आणि त्याला ३४ हे वय अजिबात जास्त नाही. पण एका वेळी एकच गोष्ट धरा. रोज वीस मिनिटं काढता आली तर पहिले दोन आठवडे फक्त क्रियापदाच्या शेवटाला द्या. तुम्ही स्वतः पाठवलेला गेल्या आठवड्यातला मेल घ्या. शब्द तुमचे, विषय तुमचा, व्याकरण तपासलेलं. त्यातली क्रियापदं अधोरेखित करा, वर ट, ड, इड लिहा, दोनदा वाचा. मग मेल बंद करून तेच फोनवर एक मिनिट बोलून रेकॉर्ड करा. लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका आणि फक्त क्रियापदं मोजा : किती आली, त्यातल्या कितींचा शेवट ऐकू आला. बाकीच्या चुका कानाला लागल्या तरी त्या दिवशी सोडून द्या. सगळं एकदम सुधारायला गेलं की माणूस बोलायचंच थांबतो.

तिसऱ्या आठवड्यापासून आघात. केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या ऑनलाइन शब्दकोशात ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकायला मिळतात. कुठलाही एक निवडा आणि तोच ठेवा. उच्चाराच्या चिन्हांत जी छोटी उभी रेघ वरच्या बाजूला असते, तिच्या लगेच पुढच्या अक्षरावर आघात असतो; तेवढं एक चिन्ह वाचता आलं तरी पुरे. एखादा शब्द खऱ्या बोलण्यात कसा येतो हे ऐकायला यूग्लिश ही साइट कामाची आहे. बीबीसी लर्निंग इंग्लिशवर लिखित मजकुरासकट ध्वनिफिती फुकट मिळतात. त्यातला तीस-चाळीस सेकंदांचा एकच तुकडा घेऊन आठवडाभर त्याच्याबरोबर बोला. फोनवर बोलून टाइप करायची सोय चाचणी म्हणून वापरू नका. फोन संदर्भावरून अंदाज बांधतो आणि चुकीचा उच्चारही बरोबर छापतो.

एक इशारा. तयारी करून बोलताना सुधारणा लवकर दिसेल, आयत्या वेळच्या उत्तरात ती बरीच मागून येईल. मधल्या काळात ‘काहीच फरक नाही’ असं वाटतं आणि बरेच जण तिथे सोडून देतात. तुम्ही सोडू नका.

कॉलची मांडणीही बदलायला हवी. सहकाऱ्याशी आधीच बोलून घ्या : सुरुवातीची तीन वाक्यं तुमची, काय झालं, काय चालू आहे, काय कधी होणार, आणि तुम्ही त्याच्याकडे बघेपर्यंत त्याने बोलायचं नाही. ती तीन वाक्यं सोमवारी लिहून, चार-पाचदा म्हणून ठेवा. संथ बोला म्हणजे एकेक शब्द ताणू नका, तर अर्थाच्या तुकड्यांमध्ये थांबा : ‘यस्टर्डे वी चेक्ट ऑल द पार्ट्स... फोर वेअर रिजेक्टिड... द रिपोर्ट विल बी रेडी बाय फ्रायडे.’ समोरच्याचं कळलं नाही तर ‘सॉरी, आय मिस्ट द लास्ट पार्ट. डिड यू से फिफ्टीन, वन फाइव्ह?’ असं नेमकं विचारा. कॉल संपल्यावर अर्ध्या तासात ठरलेल्या गोष्टींचा मेल तुम्हीच पाठवा, लेखन तुमची जमेची बाजू आहे.

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या नर्सेस आणि विद्यार्थ्यांचीही अशीच पत्रं येतात, त्यांच्यासाठी एवढंच : बोलण्याच्या परीक्षेत ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चारांना सारखं वजन आहे, आणि उच्चारात बघतात ते बोलणं सहज कळतं का. विदेशी हेल काढण्याचे गुण नाहीत.

राहिला क्लास. ४५ हजार देण्याआधी तीन गोष्टी विचारा. माझं बोलणं रेकॉर्ड करून चुका लिहून देणार का? प्रत्येक तासाला मी स्वतः किती मिनिटं बोलणार? माझ्या कॉलमधली वाक्यं सरावाला घेणार का? ‘अमेरिकन हवा की ब्रिटिश?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असेल आणि या तिन्हींवर गोलमोल उत्तर मिळालं, तर पैसे घरीच ठेवा. आधी तीन महिने वर सांगितलेलं करा. त्यानंतरही ग्राहक तोच प्रश्न विचारत असेल, तर तासावर पैसे घेणारा एखादा शिक्षक चार-पाच तासांसाठी गाठा आणि पहिल्याच तासाला कॉलमध्ये अडलेली वाक्यं व तुमची सगळी रेकॉर्डिंग्ज त्याच्यासमोर ठेवा.